उलटलेला तक्ता

फोर्ट्रान ही संगणकाची जुनी भाषा तक्ता रकान्यारकान्याने साठवते, सी ही भाषा ओळीओळीने. एकातून दुसऱ्यात तक्ता देताना हे सांभाळलं नाही, तर ओळींचे रकाने होतात. आकडा एकही बदलत नाही, फक्त जागा बदलते, आणि संगणक तक्रार करत नाही.

म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधल्या आमच्या ऑफिसात भाताच्या वाहतुकीचं जुनं फोर्ट्रान गणित मी सांभाळतो. त्याला सीमधला नवा भाग जोडायचं काम एका बाईंकडे होतं. चाळिशीच्या, म्हैसूरच्याच जुन्या मराठी शिंप्याच्या घरातल्या. त्यांना सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. हे जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी.

तपासणीसाठी त्यांनी गावागावांतल्या अंतरांचा तक्ता वापरला. कृष्णराजनगर ते सरगूर जेवढं, तेवढंच सरगूर ते कृष्णराजनगर. असा तक्ता उलटला तरी तोच राहतो.

"बरोबर आलं, अल्वा, सर?" त्यांनी विचारलं. 'नाही का'च्या जागी त्यांच्या मराठीत कानडी 'अल्वा' यायचं.

सीकडे देताना त्यांनी तक्ता फिरवून घेतला नव्हता, ती चूक मला तेव्हाच दिसली. "अंतरं बरोबर आहेत," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. महिन्यापूर्वी त्यांनी माझ्या बेरजेतली चूक सगळ्यांसमोर दाखवली होती. तीही खरी होती.

गुरुवारी खरे आकडे घातले. आमचे साहेब पुण्याचे. त्यांनी पडद्यावरचं मोठ्याने वाचलं.

"सरगूरहून कृष्णराजनगरला दोनशे चाळीस ट्रक भात? कावेरीकाठी लावणी बंद झाली का, बाई? कधीपासून?"

कृष्णराजनगर कावेरीकाठचं, भात तिथून सरगूरला जातो. लोक हसले.

"तुमच्या मराठीसारखंच झालंय. तिकडचं इकडे, इकडचं तिकडे," साहेब म्हणाले.

पुन्हा हसले. मीही हसलो. बाई पडद्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या.

"ओळी उलटल्यात. तुम्हाला माहीत होतं, सर."

"मला फक्त अंतरं दाखवली होती."

साहेबांनी मला विचारलं, "दुरुस्तीला किती वेळ लागेल?"

दहा मिनिटं पुरली असती. बाईंनाही ते आता कळलं होतं, त्या तोंड उघडणार, एवढ्यात मी म्हणालो, "दोन दिवस तरी. सगळं पुन्हा तपासावं लागेल."

"मग हे तुम्हीच करा," साहेब म्हणाले. "बाई, तुमचं राहू दे. उद्यापासून येऊ नका."

त्यांनी डबा पिशवीत घातला, पाण्याची बाटली घातली आणि गेल्या. शुक्रवारी सकाळी मी प्रोग्रामच्या दोन ओळी बदलल्या. अकरा मिनिटं लागली. काम पुरं झाल्याचं सोमवारी कळवलं.