किनाऱ्यावरचा ऱ्य

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा आणि त्यांचे मित्र ती लिहीत, आणि नीट वाचता येण्याआधीच मी एसटी स्टँडवर ती वाटू लागले. त्यामुळे वाक्य ठाम असावं आणि शंका समोरच्यानं काढाव्यात, अशीच माझी समजूत. स्वतःविषयी पहिली शंका मला एका मशीनसमोर आली.

नव्वद साल अजून यायचं होतं. रत्नागिरीत कॉम्प्युटर नवा होता. मुंबईची नोकरी सोडून परतलेल्या एका सरांनी बाजारात माडीवर ऑफिस थाटलं होतं. मराठी मजकूर जुळवणारा प्रोग्रॅम ते लिहीत होते, मी त्यांच्या हाताखाली. आमचं एकमेव गिऱ्हाईक म्हणजे गावातलं एक साप्ताहिक. त्याचे संपादक बाबांचे मित्र, मी वाटलेली निम्मी पत्रकं त्यांनीच लिहिलेली. मी त्यांना काका म्हणे. आमच्या शब्दावर त्यांनी आपल्या छापखान्यातले अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे विकून टाकले होते. आता आमचा प्रोग्रॅम चालला तरच अंक निघणार होता. आजवर त्यांचा एकही अंक चुकलेला नव्हता.

दुसऱ्याच अंकाला मशीन अडकलं. तिसऱ्या पानावर कर्सर थिजला, कळा दाबून काही होईना. बंद करून चालू केलं तर सकाळपासूनचं काम गेलेलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तिथंच अडकलं. पानं संध्याकाळच्या एसटीनं कोल्हापूरला छपाईसाठी जायची होती.

काका जिना चढून आले. "काय गो, पेपर निघतो की मी दारोदार जाऊन बातम्या सांगू?"

"पाचच मिनिटं, काका," सर म्हणाले.

"तुझी पाच मिनिटं एसटीच्या पाच मिनिटांसारखी आहेत रे."

मी हसले नाही. मशीन पुन्हा चालू केलं.

चूक शोधायची तर प्रोग्रॅममध्ये एखादी ओळ बदलून तो सगळा पुन्हा बांधावा, म्हणजे मशीनला चालवता येईल असा करून घ्यावा लागे. सगळं फ्लॉपीवर. ड्राइव्ह घरघरत राही आणि एकेका प्रयत्नात दुपार सरकत जाई. म्हणून सरांनी मशीनच्या मेमरीचाच एक तुकडा वेगळा काढला आणि ती जणू फ्लॉपीच आहे असं मशीनला सांगून सगळ्या फाइली तिथं ठेवल्या. बांधणी चुटकीसरशी होऊ लागली. पण वीज गेली असती तर त्या तुकड्यातलं सगळं पुसलं गेलं असतं, आणि आमच्याकडे वीज विचारून जात नाही. प्रत्येक बदल मी खऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेत होते. पंख्याचा आवाज जरा बदलला तरी मी दिव्याकडे बघे.

आणि मग प्रोग्रॅम पहिल्याच पानावर अडकला. वाचवायला गेलो आणि आणखी बिघडवलं, असं मला वाटलं. सर मात्र एकदम ताठ झाले. "अगं, आपण मेमरी कमी केली आणि तो लवकर मेला. म्हणजे तो मेमरी खातोय. घेतलेली परत देत नाहीये."

मी पडद्याच्या कोपऱ्यात शिल्लक मेमरीचा आकडा आणून ठेवला. साधी वाक्यं टाइप केली. आकडा हलला नाही. मग काकांची मच्छीमारांची बातमी घेतली. 'किनाऱ्यावर' म्हटलं, आकडा उतरला. 'वाऱ्यामुळे' म्हटलं, पुन्हा उतरला. नुसतं पान वरखाली केलं तरी उतरत गेला.

अक्षरांचे आकार आम्ही विकत घेतले होते, ते हिंदीसाठी केलेले. त्यांत आपला आडवा ऱ्य नव्हता. तो सरांनी स्वतः घडवला होता, मोठ्या अभिमानानं. तो काढताना प्रत्येक वेळी थोडी मेमरी घेतली जाई आणि तशीच अडकून राही. तपासताना आम्ही लग्नपत्रिका टाइप केल्या होत्या. त्यांत सूर्य होता, कार्य होतं, किनाऱ्याचा ऱ्य नव्हता. समुद्रकाठच्या पेपरात तो ओळीआड येतो.

हे मी सरांना सांगितलं. त्यांनी स्वतः एकदा टाइप करून बघितलं. मग हळूच म्हणाले, "आजच्यापुरता तो काढून टाकू. साधा र्य घालू. 'किनार्यावर' कोण बघतंय?"

खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं.

"मी बघतोय," मागून काका म्हणाले. "कार्याचा र वेगळा आणि किनाऱ्याचा वेगळा. आपल्या गावाचा किनाराच चुकीचा छापायचा असेल तर नको तो अंक."

"अंक चुकेल, काका."

"चुकू दे." त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला तेव्हा तो टेबलावर वाजला. तेही घाबरले होते.

मेमरी परत देणारी ओळ मी घातली. पडद्यावर अक्षरांचा चिखल झाला. अक्षर पुरतं उमटायच्या आतच मी त्याची जागा काढून घेतली होती. ती ओळ खाली, अक्षर उमटून झाल्यानंतरच्या जागी नेली. बांधणी चालू असताना दिवा मंदावला, पंखा सुस्तावला. आम्ही तिघं मान वर करून पंख्याकडे बघत राहिलो. त्यानं पुन्हा वेग घेतला.

'किनाऱ्यावर.' आकडा उतरला आणि परत वर आला.

"झालं?" काकांनी विचारलं.

"वाटतंय."

"वाटतंय? तुझ्या बापानं जन्मात असं लिहिलं नाही."

"खात्री नाही, काका."

 काका स्टूल ओढून बसले आणि मजकूर सांगू लागले, अगदी सावकाश, जणू घाईनं बोललं तर काही सांडेल. परिच्छेद झाला की मी तो फ्लॉपीवर घेई. शेवटच्या पानाचा एक कोपरा कोराच राहिला, गाडीची वेळ झाली होती. प्रिंटरवर काढलेली पानं छातीशी धरून काका जिना उतरले.

सर म्हणाले, "बंद कर आता." मी केलं नाही. 'किनाऱ्यावर, किनाऱ्यावर' टाइप करत राहिले. आकडा दर वेळी परत जागेवर येत होता, आणि तरी मला उठवत नव्हतं.