हात बसेपर्यंत

कॉलेजच्या मॅडम आमच्या महिला मंडळात पहिल्यांदा आल्या, तेव्हा आम्ही चकलीच्या भाजणीवरून भांडत होतो. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्याच्या आत आमच्या चाळी. दोन चाळींच्या मधे, आमच्या घराच्या भिंतीला लागून मंडळाची एक खोली, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी तिथेच व्हायच्या. मॅडमनी दारात चपला काढल्या आणि पीठ सांडलेल्या चटईवर सरळ मांडी घालून बसल्या. मला त्या तिथेच आवडल्या. एवढं सगळं झाल्यावरसुद्धा ते मी नाकारत नाही.

ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची. मॅडम कल्याणहून आलेल्या. त्यांच्या कॉलेजात निरंतर शिक्षणाचा विभाग नवीन निघाला होता, म्हणजे ज्यांचं शिकणं मधेच सुटलं त्यांना पुन्हा शिकवायचं, आणि नुसतं पुस्तकी नाही तर हाताला काम मिळेल असं. "कॉलेज शिकवणार, कारखाना काम देणार, आणि जागा व बायका मंडळाच्या," त्या म्हणाल्या. "तिघांची भागीदारी."

"बायका मंडळाच्या म्हणजे?" माझ्या मैत्रिणीनं विचारलं. "आम्ही काय पाट-पातेली आहोत, लग्नाला भाड्यानं द्यायला?"

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या. ही मैत्रीण मागच्या चाळीतली. नवरा लवकर गेलेला, एकटीनं मुलगी वाढवत होती, आणि तोंडाची अशी तिखट की वाणीसुद्धा तिला वजनात मारायला घाबरायचा.

माझं शिक्षण सातवी. पुढचं जे काही आलं ते वाचनालयाच्या पुस्तकांनी आणि पुड्यांच्या कागदांनी शिकवलं. माझ्या यजमानांची ठाण्यातली कंपनी, वर्तकनगरच्या पुढची, टाळं लागून बंद पडली होती. ते रोज सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. त्या दिवसांत माझं देवाकडे एकच मागणं होतं, पर्मनंट नोकरी. आज हे कुणाला हसायला येईल. पण आमच्याकडे पर्मनंट माणूस आजारी पडला तर त्याला दवाखाना मिळायचा, त्याच्या मुलीला स्थळं यायची, आणि कंपनीच्या दारात त्याला रोज सकाळी "आज घेता का" असं विचारावं लागायचं नाही. टाळं लागल्यावर सुरुवातीला यजमान तसं दारोदार विचारत फिरलेले मी बघितले होते. मला ते नको होतं.

कारखाना इंजेक्शनांचा होता. काचेच्या छोट्या कुप्या असतात ना, डॉक्टर काचेची मान मोडून सुईत औषध ओढतात, त्या. भरलेली प्रत्येक कुपी डोळ्यांनी तपासायची. उजेडासमोर धरायची, उलटी करायची, आत काही तरंगतंय का बघायचं. मागे अर्धा काळा आणि अर्धा पांढरा पुठ्ठा. काळ्यासमोर पांढरा तंतू दिसतो, पांढऱ्यासमोर काळा कण. एवढंच काम. पण डोळे असे शिणतात की घरी आल्यावर भातातसुद्धा तंतू दिसायला लागतात.

वर्ग सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात घराघरात महाभारत. कारखान्यात बांगड्या चालत नाहीत, मंगळसूत्र नाही, कुंकू नाही, गजरा नाही, केस टोपीत, आणि सवय व्हावी म्हणून वर्गातही तसंच बसायचं. आमच्या सासूबाई कडाडल्या, "नवरा असताना मोकळ्या हातांनी बाहेर जाणार? माझा मुलगा ओट्यावर बसलाय गं, अजून गेलेला नाहीये!"

ओट्यावरून यजमानांचा आवाज आला, "आई, मी इथेच आहे. जाऊ दे तिला." आणि मग बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.

मैत्रीण वर्गात म्हणाली, "माझं बरंय. मला काढायला काहीच नाही. जन्मात पहिल्यांदा माझी तयारी तुमच्या आधी झालेली!" आम्ही हसलो आणि मग एकमेकींकडे बघायचं टाळलं.

मार्ग मी काढला. मंगळसूत्र रुमालात बांधून पोलक्याच्या आत पिनेनं टोचायचं, कारखान्यातून येताना कुंकू बस स्टॉपवर परत लावायचं, आणि काचेची बांगडी न फोडता साबणाच्या फेसानं उतरवायची. बांगडी फुटली की घरात अपशकुन, मग दुसऱ्या दिवशी ती बाई वर्गाला नाही. बायकांच्या मनगटांना साबण लावत मी कितीतरी संध्याकाळी बसलेय. कॉलेजच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं. पण हे नसतं तर त्यांचा अभ्यासक्रम ऐकायला भिंती उरल्या असत्या.

शेवटी सर्टिफिकेटं मिळाली. खाली दोन सह्या, एक प्राचार्यांची, एक कारखान्याच्या मॅनेजरची. आमची चूक झाली ती इथे. आम्ही म्हटलं, कारखान्याची सही आहे म्हणजे कारखान्याचा शब्द आहे. लग्न ठरताना आमच्यात दोन्हीकडची मोठी माणसं बसून सुपारी फोडतात, मग कुणी मागे फिरत नाही. तसंच हे, असंच सगळ्या धरून चाललो. फ्रेम करून देवाशेजारी टांगलं. त्यात 'प्रशिक्षण' लिहिलंय आणि 'नोकरी' कुठेच नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

कारखान्यातले पहिले महिने मी कधी विसरणार नाही. पांढरा कोट, पांढरी टोपी, दुपारी कॅन्टीनचा चहा. सासूबाईसुद्धा शेजारणींना सांगायला लागल्या, "आमची सून औषधाच्या कंपनीत आहे हो." सुपरवायझर बाई माझ्या हाताखालून गेलेल्या कुप्या परत तपासायच्या बंद झाल्या होत्या. मला वाटलं, झालंच आता.

तेवढ्यात मॅडम घरी आल्या. दुसरी बॅच सुरू करायची होती. "ताई, रविवारी तुम्ही शिकवाल का? मी शिकवते ते इंग्रजी पुस्तकातलं. तुमचं बायकांना कळतं."

मला आकाश ठेंगणं. सातवी शिकलेली मी, आणि कॉलेजसाठी शिकवणार! रविवारी घरचं उरकून मी मंडळाच्या खोलीत उभी राहायचे. पुठ्ठा काळा-पांढरा रंगवला, रिकाम्या कुप्या आणल्या, त्यात पाणी आणि कापसाचे तंतू घालून तोंडं मेणानं बंद केली. त्या बॅचमध्ये शेजारची सून होती, आगरी घरातली, नवीनच लग्न झालेलं. ज्या जमिनीवर कारखाने उभे राहिले त्यातली काही तिच्या आजेसासऱ्यांची भातशेती. नवरा टेम्पोवर.

"काकी, मना जमंल का वो?" ती दर रविवारी विचारायची.

"तुझे डोळे बाविशीचे आहेत गं," मी म्हणायचे. "माझ्यापेक्षा जास्त जमेल."

आणि जमलंच. ती बॅच संपली आणि एका सोमवारी सुपरवायझर बाईंनी प्रत्येक जुन्या बाईच्या स्टुलाशेजारी एक नवं स्टूल ठेवलं. माझ्या शेजारी शेजारची सून. "हिचा हात बसवून द्या," बाई म्हणाल्या. मी आनंदानं हो म्हटलं. मला वाटलं, काम वाढलंय, माणसं वाढवतायत.

चहाच्या सुट्टीत मैत्रीण माझ्याजवळ आली. तिचा चेहरा वेगळाच. "तुला कळतंय का काही? पॅकिंगमधल्या जुन्या माणसाला विचारलं मी. ठरावीक दिवस भरले की बाईला पर्मनंट करावं लागतं. भरू देत नाहीत. आपण ट्रेनी. यांचा हात बसला की आपण घरी."

"काहीतरीच. कॉलेज आहे ना मधे."

"कॉलेज आहे म्हणूनच तर! दर सहा महिन्यांनी शिकवलेल्या बायका दारात आणून देणारा दुसरा कोण आहे? आणि शिकवतंय कोण? तू!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "नीट शिकवू नकोस. माझ्या शेजारी बसवलेल्या पोरीला मी पुठ्ठा उलटा धरायला शिकवलंय. बसू दे बोंबलत."

मी स्टुलावर परत बसले. शेजारची सून कुपी धरून वाट बघत होती. "काकी, ह्यान काय हाय का?" तिनं विचारलं. होता, एक बारीक तंतू, तळाशी. नाही म्हटलं असतं तर कुपी पुढे गेली असती, दोन-चार वेळा अशी गेली असती की तिलाच काढलं असतं. पण ती कुपी कुणाच्या तरी दंडात जाणार होती. आणि पोरगी माझ्याकडे असं बघत होती, जसं मी फळ्यावर काही लिहिणार आहे. "उलटी कर," मी म्हटलं. "आता हळूच सरळ. बघ, उठला की नाही?" तिला दिसला आणि ती हसली.

महिनाअखेरीला आम्हाला ओळीत उभं केलं. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "तुमचं ट्रेनिंग पूर्ण झालं. अभिनंदन." पांढरे कोट परत घेतले. मैत्रिणीनं उलटं शिकवलेली पोरगीसुद्धा कामावर राहिलीच. पुठ्ठ्याची बाजू कळायला कुणाला किती वेळ लागतो?

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला कॉलेजात गेले. मॅडमनी चहा मागवला. माझं सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं त्यांच्या. मग म्हणाल्या, "ताई, आम्ही शिक्षण देतो. नोकरीचं कारखान्याच्या हातात असतं. मी भांडले तर ते दुसऱ्या कॉलेजकडे जातील."

"मग निदान वर्ग थांबवा. बायका मिळाल्या नाहीत तर आम्हालाच ठेवावं लागेल."

"वर्ग कसा थांबवू? वरिष्ठ खूश आहेत. आपल्या विभागातला सगळ्यात यशस्वी कार्यक्रम आहे हा. प्रत्येक बॅचला नव्या बायका, सगळ्यांना काम."

"सगळ्यांना काम, मॅडम? पहिल्यांना घरी बसवून?"

त्यांनी उठून दार लोटून घेतलं. नंतर हलक्यानं म्हणाल्या, "मीसुद्धा इथे टेंपररी आहे, ताई. दर जूनला मला नव्यानं ऑर्डर मिळते." मला तेव्हा त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. चहा तसाच टाकून मी उठले.

कॉलेज ऐकत नसेल तर खोली आमची होती. मी मंडळाची सभा बोलावली. शेजारची सून कामावर होती, ती आली नाही. बाकी खोली भरलेली. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "खोली द्यायची नाही. एकीनंही नाव द्यायचं नाही. आपण नाही गेलो तर त्यांच्या कुप्या कोण बघणार?"

मागून एक बाई म्हणाली, "तुमचं झालं की हो, काकू. तुम्ही कोट घालून मिरवलात. आता आमची पाळी आली तर दार लावता?"

"अगं, सहा महिन्यांनी तुलाही काढतील."

"काढू देत. सहा महिने तर मिळतील. इथे चकल्या पाडून काय मिळतंय?"

"काकूंना पगार नाही मिळाला शिकवायचा, म्हणून राग," दुसरी कुजबुजली, मला ऐकू येईल एवढं.

अध्यक्षीणबाईंनी मतदान घेतलं. वर्ग चालू ठेवायचा, हात वर करा. हात वर गेले, पुढून, मागून, खिडकीपाशी बसलेल्यांचे. मी मैत्रिणीकडे बघितलं. ती खाली फरशीकडे बघत होती. मग तिनं हात वर केला.

सभा उठल्यावर मी तिला दारातच धरलं. "तू? तू मला सांगितलंस सगळं, आणि तूच?"

"माझी मुलगी दहावी झालीये," ती म्हणाली. "पुढच्या बॅचला नाव दिलंय तिचं. तुझ्या भांडणापायी तिचे सहा महिने घालवू?"

"आणि सहा महिन्यांनंतर?"

"नंतरचं नंतर. तू शिकवशील ना तिला? तू शिकवलेल्या पोरी चुकत नाहीत."

मी नाही म्हटलं. पुढच्या रविवारी तिनंच शिकवायला सुरुवात केली, आणि मी घरी बसून तांदूळ निवडत होते. भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता. चांगलं शिकवत होती. एकही गोष्ट उलटी सांगत नव्हती.