सरदाराने तोंड का फिरवलं?

सरांनी माझा पेपर दोन बोटांत धरून वर्गाला दाखवला. मेलेला उंदीर धरतात तसा.

"बघा," म्हणाले, "एम.ए. इंग्रजीचा सेमिनार पेपर. याला चौकटी आहेत, खाली सहीला जागा आहे. मॅडम, हे काव्य आहे, गाडीचा पार्ट नाही."

वर्ग खिदळला. मीही हसले, लाज लपवायला. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

चौकटी मीच आखल्या होत्या, ते खरं. कुरुळीजवळच्या एका कंपनीत मी वायरिंगच्या लाइनवर आहे. सकाळी कॉलेज, दुपारपासून सेकंड शिफ्ट. आमच्याकडे पार्ट खराब निघाला की एक कागद भरावा लागतो. त्याला व्हाय-व्हाय म्हणतात. पाच वेळा 'का' विचारायचं. वायर का तुटली? ताण आला. ताण का आला? क्लिप उलटी बसली. असं खोदत मुळाशी जायचं. सहा वर्षं तेच कागद भरतेय, हाताला दुसरं वळणच नाही. पेपर लिहायला बसले तर पट्टी घेऊन चौकटीच आखल्या.

कविता मध्ययुगातली, इंग्रजी, सरदारांची. कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर अर्थ शोधत शोधत वाचली. आवडली, खोटं कशाला बोलू. घोडा दौडला की ओळीही दौडतात. सरदार शपथ घेतो, चिलखत चढवतो, रानात वाट चुकतो, जखमी होतो. कोळसा पाडणारी एक बाई त्याला झोपडीत घेते. जखम धुते, आपली भाकर त्याच्यापुढे ठेवते. आणि कवी म्हणतो, तिच्या अंगाला धुराचा वास मारत होता, म्हणून सरदाराने तोंड फिरवून खाल्लं. इथे ऐकणाऱ्यांनी हसायचं असतं.

मला कुठलं हसू येतंय! मी लिहिलं: सरदाराने तोंड का फिरवलं? बाईला धुराचा वास येतो. वास का येतो? ती कोळशाची भट्टी लावते. भट्टी का लावते? लोहाराला कोळसा लागतो. लोहाराला का लागतो? चिलखत घडवायचंय. चिलखत का? सरदाराला शूर दिसायचंय. म्हणजे ज्या वासाला तो नाक मुरडतो, तोच अंगावर घालून फिरतो. खाली माझी सही.

सरांनी माझं आडनाव विचारलं. हजेरीत रोज घेतात, माहीत नव्हतं थोडंच! तरी मोठ्याने विचारलं. मी सांगितलं.

"तरीच," म्हणाले. "तुम्हा लोकांना जिथे तिथे अन्यायच दिसतो. जरा रस घ्यायला शिका. सोमवारी नवा पेपर आण. विषय, सरदाराचं सौजन्य. नाहीतर इंटर्नलला नापास."

आता कोणी हसलं नाही. सगळ्यांनी वह्यांत माना घातल्या. ते जास्त लागलं.

नापास म्हणजे वर्ष गेलं. मला लाइनवरून सुटायचं होतं, कॉलेजात शिकवायचं होतं. सगळं त्या एका पेपरवर येऊन अडकलं.

रविवारी देहूरोडच्या घरी लिहायला बसले. आई पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करते. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "दे की गं लिहून. दोन पानांनी काय झिजतीस का? मी रोज किती ऐकून घेते."

लिहिलं. 'सरदार अत्यंत सौजन्यशील होता.' हो, लिहिलं मी हे. अख्खं पान भरलं. आई भाजी निवडत होती. म्हणाली, गोष्ट तरी काय आहे ती सांग. मी सांगितली. तिचा हात थांबला.

"भाकर त्याला दिली. मग ती काय जेवली?"

मी पुस्तक उघडून बघितलं. खरंच बघितलं, वेड्यासारखं, मागची पुढची पानं चाळून. सरदाराच्या घोड्याने काय खाल्लं ते होतं. बाईचं कुठेच नव्हतं. आणि इतक्या वेळा वाचूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता. मीसुद्धा त्याच्याकडेच बघत बसले होते. शिसारी आली स्वतःची. लिहिलेलं पान टराटरा फाडलं.

सोमवारी उभी राहिले आणि जुनाच पेपर वाचायला लागले.

"बस खाली," सर म्हणाले.

"वाचून होईपर्यंत नाही बसणार, सर."

सगळा वाचला, चौकटींसकट. शेवटी सहावा प्रश्न घातला, ती काय जेवली. विचारणारीचं नाव म्हणून आईचं नाव वाचलं. आडनावासकट, मोठ्याने.

इंटर्नलला शून्य. वर्ष गेलं. त्या दिवशी आई रडली, मीही रडले. आनंदाने वगैरे नाही, वर्ष गेलं म्हणून.

तक्रारीचा अर्ज दिलाय, त्याचं काय व्हायचं ते होवो. यंदा परत बसतेय. तोच पेपर देणार, एक ओळ गाळणार नाही. पुन्हा शून्य दिलं तर पुन्हा देईन. तुमचं काव्य मी सोडून जाणार नाही, सर. ते मला येतं, तोंडपाठ येतं. मी ते शिकवणार आहे, तुम्ही उभे राहता त्याच फळ्यासमोर, आणि माझ्या वर्गात त्या बाईवर कोणी हसणार नाही.