तान्ह्या पोळ्याचं घर

तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यात मी दुसरीचा वर्ग शिकवत होते. रोज अकोल्याहून एसटीने जायचे. वार, महिने, सण शिकवायची वेळ आली तेव्हा मी एका कृषी केंद्राचं कॅलेंडर भिंतीला टांगलं. मधल्या सुट्टीत सगळी पोरं बाहेर पळाली. एक मुलगी तेवढी कॅलेंडरखाली उभी राहिली.

"मॅडम, तान्हा पोळा कोनत्या घरात हाय?"

तिची आई अमरावतीच्या दवाखान्यात भरती होती. दोन्ही किडन्या खराब झाल्या होत्या. आईजवळ मावशी राहायची. वडील बाजारात हमाली करायचे आणि जमेल तसे अमरावतीला जाऊन यायचे. आई तान्ह्या पोळ्याला येईल, असं त्यांनी मुलीला सांगितलं होतं.

मी पान उलटून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तो चौकोन दाखवला. त्या दिवसापासून ती रोज आजच्या तारखेवर बोट ठेवून तिथपर्यंत मोजत जायची. महिन्याचे दिवस संपले की पुढच्या पानावर जायचं, हे बाकीच्या मुलांच्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. तिला एकदाच सांगावं लागलं. एरवी अशा मुलीचं मला कौतुक वाटलं असतं. तिचं बोट पुढे सरकायला लागलं की मी मात्र फळा पुसायला वळायचे.

तान्हा पोळा आला. पोरांनी लाकडी बैल सजवून गावभर फिरवले. आई आली नाही. वडिलांनी आता दसरा सांगितला. दुसऱ्या दिवशी तिने मला दसऱ्याचं घर विचारलं.

मी वडिलांना शाळेत बोलावून घेतलं. म्हटलं, "दादा, तिला थोडं थोडं खरं सांगा."

ते पायरीवर बसले. "मले तरी कुठी माहीत हाय खरं? डॉक्टर म्हनतात, पाहू. पोरीले 'पाहू' म्हनलं, त थे कॅलेंडरात कुठी शोधन?"

मी त्यांच्याकडून मावशीचा नंबर तेवढा घेतला आणि एका दुपारी माझ्या मोबाइलवरून मायलेकींचं बोलणं करून दिलं.

"काय शिकली माय बाई?" आईचा आवाज फार बारीक झाला होता.

"कॅलेंडर. तू दसऱ्याले येजो. लय दिवस नाही राह्यले."

पलीकडून आईने विचारलं, "जेवली काय तू?"

दसऱ्याच्या आधीच आई गेली.

काही दिवसांनी मुलगी शाळेत आली. वेण्या वाकड्यातिकड्या होत्या, वडिलांनी घातल्या असाव्यात. पोरं तिच्याशी जपून वागत होती. सुट्टीत ती कॅलेंडरजवळ गेली आणि मला म्हणाली, "आई गेली थो दिवस दाखवा."

मी दाखवला. त्या चौकोनात सणाचं चित्र नव्हतं, काहीच नव्हतं.

"नवं कॅलेंडर आलं का हा दिवस जाते काय?"

"नाही बेटा. तारीख तीच राहते, वार बदलतो."

"मंग हा दरसाली येते?"

"येतो."

ती त्या चौकोनाकडे पाहत राहिली. मी तिला जवळ घेतलं तेव्हा ती रडली नाही. मीच रडले.

दिवाळीच्या सुट्टीत तिची आत्या तिला धामणगाव रेल्वेला, आपल्या गावी, घेऊन गेली. शाळा उघडल्यावर वडील तिचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. घरात बाईमाणूस नाही, पोरीची आबाळ होते, म्हणाले. मी चहाचं विचारलं तर नको म्हणाले, बस गाठायची होती. तिची पाण्याची बाटली खिडकीत राहिली होती. ती मी त्यांना दिली.