मागच्या सीटवरची कमलबाई

राणीसावरगावचा बन्सीधर साधा पाण्याचा माठ घ्यायचा तरी दहा जणांना विचारून घेणारा माणूस. मग जन्मातली पहिली मोटारसायकल घ्यायची म्हटल्यावर त्यानं गावात कुणाला सोडलं असेल? पारावर, टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, जिथं माणूस सापडला तिथं त्याला धरलं.

कारणही तसंच होतं. तरुणपणापासून बन्सीधर आणि त्याची बायको कमलबाई दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. मुकादमाच्या लेखी नवराबायको मिळून एक कोयता. ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसून अर्धा महाराष्ट्र पालथा घातला, पण बघितलं काय, तर ऊस. आता लेकीचं, मंजुषाचं लग्न झालं, मुलगा पुण्याला कामाला लागला आणि तोडीला जाणं थांबलं. बन्सीधरच्या मनानं घेतलं, की कमलबाईला मागं बसवायचं, सामान बांधायचं आणि थेट कोकणात जाऊन समुद्र दाखवायचा. कमलबाई त्यावर एवढंच म्हणायची, "बघू." त्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण चांगली गाडी दारात आली की ती आपणहून तयार होईल, अशी बिचाऱ्याची भाबडी समजूत.

गंगाखेडचा योगीराज मिस्त्री म्हणाला, "डबल सीट अन् वर सामान, तर दमदार इंजिन घ्या, मामा. न्हाईतर घाटात उतरून ढकलाय लागंल." कुणी मायलेज सांगितलं, कुणी जाड टायर. शेवटी दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या लावलेली एक उंचपुरी गाडी ठरली. चाचणीला त्यानं आपला वजनदार दोस्त आप्पाराव मागं बसवला, पेट्यांत सोयाबीन भरलं आणि गंगाखेडच्या रस्त्यानं फेरी मारली. खड्ड्यातसुद्धा गाडी डगमगली नाही. आप्पाराव उतरून म्हणाला, "बिनघोर घे. सोफ्यावर बसल्यावानी वाटायलंय."

कमलबाईला शोरूममध्ये नेलं ते थेट गाडी घ्यायच्या दिवशी. तेही पूजा घरच्या बाईनं करायची असते म्हणून. तिनं हँडलला हार घातला, हळदीकुंकू लावलं. चाकापुढं नारळ फुटला, फोटो निघाला. मग बन्सीधर ऐटीत पुढं बसला आणि म्हणाला, "हं, बस."

कमलबाई सवयीनं डाव्या बाजूनं आली आणि तिथंच उभी राहिली. साडीतली बाई एका अंगाला पाय सोडून बसते. आणि जिथं पाय सोडायचे, नेमकी तिथंच पेटी.

चाचणीला आप्पाराव मांड टाकून बसला होता. साऱ्या गावानं अक्कल पाजळली, पण एवढी साधी गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. बन्सीधरचं तोंड एवढंसं झालं.

"मावशी, दोन्हीकडं पाय टाकून बसा की," शोरूमचा माणूस म्हणाला.

"ती न्हाई बसायची तसं," बन्सीधर घाईनं म्हणाला. "लोक नावं ठेवतेत."

"मी बोलले का तसं?" कमलबाईनं विचारलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. "उसाच्या फडात काष्टा मारून, तुमचा शर्ट अंगात घालून मोळ्या वाहिल्या. तवा कुणी न्हाई नाव ठेवलं. कामाला चालतंय, मग हिंडायलाच का चालंना? एका अंगावर दिवसभर बसून मपली कंबर ऱ्हाईल का? म्हणून तर 'बघू' म्हनत होते. साऱ्या गावाला इचारलं तुमी. मला इचारलं?"

बन्सीधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच कमरेवर निम्मा संसार उभा राहिला होता, आणि तो मायलेज विचारत हिंडत होता.

कमलबाई आडोशाला जाऊन काष्टा घालून आली आणि रांगेतल्या एकेका गाडीवर मांड टाकून बघू लागली. कुठं पाय टेकेनात, कुठं सीटचा उतार पुढं ढकलायचा. शेवटी एक बसकी, रुंद सपाट सीटची, मागं लोखंडी कॅरियरची साधी गाडी तिनं हातानं थोपटली. "ही."

"पण मावशी, पूजा तर त्या गाडीची झाली!"

"कुंकू लावलं म्हणून नांदायलाच पायजे व्हय?"

सगळं शोरूम हसलं. बन्सीधरही हसला, जरा उशिरानं.

गाडी बदलून परतताना गाव जवळ आलं तसं त्याचं हँडल आपोआप मागच्या गल्लीकडं वळायला लागलं. "बाजारातून घ्या," मागून आवाज आला. त्यानं घेतली. टपरीवरच्या आप्पारावचा कप हातातच राहिला.

"मग समुद्राला कधी निघायचं?" बाजार मागं पडल्यावर बन्सीधरनं विचारलं आणि लगेच जीभ चावली. "म्हंजी... तुला कुठं जायचंय?"



"कराडकडं," ती म्हणाली. "मंजुषा झाली तवा आपल्या पाचटाच्या कोपीत वारं शिरत होतं. त्या मळ्याच्या नर्मदाबाईनं मला आपल्या घरात घेतलं, लेकीवानी न्हाऊ घातलं. टोळी हलली, तवा तुमी ट्रॉलीतून हाका मारत होता. मी तिला येते म्हणून सुदिक सांगितलं न्हाई. ती हाय का, तेवढं बघायचंय."

बन्सीधरनं गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. मंजुषाला आता स्वतःची पोरं होती, आणि त्याला त्या बाईचं नावही आजच कळत होतं.

"गाव ध्यानात हाय का तुझ्या?" त्यानं विचारलं.

"वाट मी सांगते," कमलबाई म्हणाली. "तुमी चालवा."