कॉलरखालचे डाग

मास्तर आयुष्यभर खोटं बोलत आले आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. शिवणकामाच्या धंद्यात "उद्या नक्की" हे कुणी खोट्यात धरतच नाही. कापड अजून पिशवीतून बाहेर निघालेलंसुद्धा नसायचं आणि मास्तर दारातल्या गिऱ्हाइकाला बिनदिक्कत सांगायचे, "झालंय हो, फक्त बटणं राहिलीत." गिऱ्हाईकही काय ते समजून असायचं. चार शब्द सुनवायचं, दोन खेपा जास्त घालायचं, आणि पुढचा शर्ट पुन्हा मास्तरांकडेच टाकायचं. कारण पांढरा शर्ट शिवावा तर मास्तरांनी. त्यांची कॉलर मानेवर बसली की कुबड काढून चालणारा माणूसही ताठ व्हायचा.

दुकान म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. पुढे कापायचं टेबल, मागे दोन मशीन आणि सगळ्यात आत, खिडकीपाशी, ताईंची खुर्ची. ताई काज-बटणं आणि तुरपाई करायच्या. त्या मास्तरांच्या नात्यागोत्यातल्या नव्हत्या, पण मास्तरांचे केस काळे होते तेव्हापासून त्या खुर्चीत बसत होत्या. मास्तरांची टकळी दिवसभर चालायची आणि ताई अधूनमधून "हं" म्हणायच्या, एवढंच काय ते संभाषण. वाद व्हायचा तो एकाच गोष्टीवरून. ताई बोटात अंगुस्तान घालून शिवायच्या आणि मास्तर त्या धातूच्या टोपीची टर उडवायचे. "टोपी घालून लढाईला जातात, ताई. शिंप्याच्या बोटाला डोळे असावे लागतात." स्वतः त्यांनी जन्मात अंगुस्तान घातलं नव्हतं.

मग मास्तरांच्या आतड्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. त्यांनी धास्ती घेतली होती केसांची आणि उलट्यांची. केस विरळ झाले, पण राहिले. उलट्या गोळ्यांनी आवरल्या. डॉक्टरांनी सांगूनही ज्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं, ते मात्र झालं. सकाळी कात्री उचलली की गार लोखंडाने बोटांत झिणझिण्या उठायच्या, विजेचा झटका बसावा तशा. त्यांनी कात्रीच्या कड्यांना चिंध्या गुंडाळल्या आणि विचारणाऱ्याला सांगितलं, "म्हातारी झाली बिचारी, तिला स्वेटर घातलाय." पुढे झिणझिण्याही गेल्या. बोटांची टोकं मेल्यासारखी झाली. सुई हातात आहे की नाही हे बघून ठरवावं लागायला लागलं.

बाकीचं सगळं ते बायकोला सांगायचे, आणि तेही जरा मीठमसाला लावून. तोंड आलंय, घास गिळवत नाही. पाणी गंजलेल्या खिळ्यासारखं लागतं. मशीनच्या तेलाच्या वासाने पोटात ढवळतं. दुपारी कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकलं की उचलवत नाही. बोटांचं तेवढं मात्र कुणाला सांगितलं नाही. त्याची त्यांना लाज वाटायची. थकवा कुणालाही येतो, तोंड कुणाचंही येतं. पण सुई टोचलेली ज्याला कळत नाही तो शिंपी कसला? एकदा दोरा काही केल्या ओवता येईना, तेव्हा बटण पडल्याचं निमित्त करून ते टेबलाखाली वाकले आणि तिथेच रडून घेतलं. वर आले ते रिकामी मूठ मिटून, जणू बटण सापडलंच.

दवाखान्यात डॉक्टरबाई प्रत्येक वेळी विचारायच्या, "काका, हातापायांना मुंग्या येतात? बधिर वाटतं?"

"छे! एकदम फर्स्ट क्लास."

हेही त्यांच्या लेखी "उद्या नक्की"सारखंच होतं. शेजारच्या खुर्चीत सलाईन लावून बसणाऱ्या एका ड्रायव्हरने खरं ते सांगितलं होतं, तर त्याचं औषध लांबणीवर टाकलं. तक्रार करणारा नापास होतो, असा मास्तरांनी त्यातून अर्थ काढला. त्यांना पास व्हायचं होतं.

वकीलसाहेब ट्रायलला आले त्या दिवशी मास्तर खुशीत होते, कारण कधी नव्हे तो शर्ट खरोखरच तयार होता. काज सकाळी ताईंनी केले होते आणि कॉलरचे शेवटचे हातटाके मास्तरांनी आत्ताच संपवले होते. त्यांनी शर्ट साहेबांच्या अंगावर चढवला, मागे सरकले आणि आरशात पाहिलं. कॉलरखाली, पांढऱ्याशुभ्र कापडावर, लाल ठिपके होते. अजून ओले.

"हे काय, मास्तर?" वकीलसाहेब म्हणाले.

काय आहे ते मास्तरांना त्याच क्षणी कळलं. आणि तोंडातून भलतंच निघालं.

"ताई! लक्ष कुठे असतं तुमचं? सुई टोचली तर बोट पुसायची अक्कल नाही? एवढी वर्षं काज करताय, अजून कापड सांभाळता येत नाही!"

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण आजारपणापासून त्यांचा राग सुटला की आवरत नसे. टोपीवरून बोलले, नजर अधू झाल्याचं बोलले, कामाला दुसरी बाई बघतो असंही बोलून गेले. जिन्यावरून जाणारी माणसं वाकून बघायला लागली. वकीलसाहेब अर्धवट शर्टात अवघडून उभे राहिले.

ताईंनी मास्तरांकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे पाहिलं. साहेबांनी उतरवलेला शर्ट घेऊन त्या खिडकीपाशी गेल्या, बोटावर थुंकी घेतली आणि डागावर चोळली.

शिवणाऱ्या माणसांत एक समजूत आहे. सुई टोचून कापडाला रक्त लागलं तर तो डाग ज्याचं रक्त त्याच्याच थुंकीने निघतो, दुसऱ्याच्या नाही. शास्त्र काय म्हणतं ते डॉक्टरांना ठाऊक, पण सुई धरणारा प्रत्येक जण हे मानतो. मास्तर तर शिकायला आलेल्या पोरांना पहिल्याच दिवशी हे सांगायचे.

ताईंनी पुन्हा चोळलं. डाग पसरला, निघाला नाही. त्यांनी शर्ट उचलून उजेडात धरला.

"नाही जात, मास्तर," त्या म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा होता.

वकीलसाहेबांना त्यात कळण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांना सगळं कळलं. त्यांनी नवं कापड घालून शर्ट देण्याचं कबूल करून साहेबांना वाटेला लावलं, शर्ट घेतला आणि मागच्या नळापाशी गेले. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर रक्त सुकलं होतं. ते त्यांनी घाईने धुतलं. मग डाग तोंडाशी नेला. जीभ टाळूला चिकटली होती. फोड आलेले गाल आत ओढून त्यांनी जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, पण थुंकीचा थेंब निघाला नाही. ते बाहेर आले तेव्हा ताई मान खाली घालून तुरपाई करत होत्या.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी पोट तपासलं आणि कागदावर काही लिहीत सवयीने विचारलं, "मुंग्या? बधिरपणा?"

"छे," मास्तर म्हणाले. फर्स्ट क्लास म्हणायचं मात्र धाडस झालं नाही.

"बरं. शर्टाची बटणं लावा आणि बसा."

घरी ते बटणं न काढताच शर्ट गंजीसारखा डोक्यातून घालायचे. बायको त्याला आळस म्हणायची. आता त्यांनी पहिलं बटण धरलं. म्हणजे धरलं असं त्यांना वाटलं. ते सुटलं. पुन्हा धरलं. शेजारी बसलेल्या बायकोने मदतीला हात पुढे केला.

"थांबा काकू, त्यांना लावू द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

शर्ट त्यांचाच, बटण त्यांनी निवडलेलं, काज ताईंनी केलेला, आणि मास्तरांना ते एकमेकांत घालता येईना. त्यांच्या कपाळाला घाम फुटला. बायको आधी चकित झाली आणि मग तिने मान फिरवली. तिने मान फिरवलेली बघून मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कधीपासून?" डॉक्टरबाईंनी हळू विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"अहो काका, ही काही परीक्षा नव्हती. आधी सांगितलं असतंत तर डोस तेव्हाच कमी केला असता. आता ते औषध थांबवू या. बोटांत बरंचसं परत येईल, पण सगळं येईल असा शब्द नाही देत मी."

घरी जाताना बायको एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं, ताई येऊन खुर्चीत बसेपर्यंत वाट पाहिली आणि समोर जाऊन उभे राहिले.

"ताई, ते रक्त माझं होतं."

"माहीत आहे."

"माझ्या बोटांना काही कळत नाही. औषधाने झालंय. माझं चुकलं."

ताईंनी सुई कापडात टोचून ठेवली. "बोटांचंही माहीत आहे. महिनाभर मी तुमचे डाग मिठाच्या पाण्याने काढतेय. टाके सुटे पडले तर तुम्ही गेल्यावर उसवून परत घालतेय. कुणाला बोलले? त्या दिवशी वकीलसाहेब आधी आले, नाहीतर तोही धुतला असता." एवढं सलग त्या कधी बोलल्या नव्हत्या. "आणि मास्तर, मला चार लोकांत बोललात. कबुली एकटीला नको."

वकीलसाहेबांना सांगायचं म्हणजे बाजारभर झालं. बोटं गेलेल्या शिंप्याकडे पांढरं कापड कोण टाकणार? रोग लपवता येत नाही म्हणून सगळ्यांना कळला होता, पण हात अजून शाबूत आहेत, एवढी एक अब्रू त्यांनी राखली होती. पण ताई काही चुकीचं मागत नव्हत्या, आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं.

वकीलसाहेब आले तेव्हा दुकानात आणखी दोघं गिऱ्हाइकं होती. मास्तरांना वाटलं, ही जाऊ देत, मग बोलू. मग त्यांनी ताईंच्या पाठीकडे पाहिलं आणि बोलून टाकलं.

"साहेब, त्या दिवशीचा डाग ताईंनी पाडला नव्हता. रक्त माझं होतं. केमोने माझी बोटं बधिर झालीत, सुई घुसली तरी लागत नाही. मी ते लपवलं आणि ताईंवर ढकललं. त्यांच्यासारखं काज करणारं कुणी नाही, आणि मी त्यांना नाही नाही ते बोललो."

गिऱ्हाइकं जमिनीकडे बघायला लागली. वकीलसाहेबांनी उगाच गळा साफ केला.

"राहू द्या हो, मास्तर. मला तेव्हाच कळलं होतं."

"कसं?"

साहेब सांगावं की नाही अशा घोटाळ्यात पडले. "तुम्ही ताईंकडे बोट दाखवून ओरडत होतात ना... त्याच बोटातून रक्त ठिबकत होतं. आम्ही सगळेच बघत होतो."

मास्तरांचा चेहरा तापला, कानांपर्यंत तापला. जिन्यावरून वाकणारी माणसं आठवली. त्या सगळ्यांना दिसलं होतं. सगळ्यांना दिसलं आणि कुणी बोललं नाही, आजारी माणूस म्हणून. त्यांना जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण दुकानात उभंच राहावं लागलं, कारण बसायच्या स्टुलावर साहेबांची पिशवी होती.

"मास्तर, साहेबांचं माप परत घ्या, गळा सुटलाय त्यांचा," ताई म्हणाल्या. "शिवीन मी. तुम्ही कापायचं बघा, आणि कॉलरचं मधे मधे सांगत जा."

मग त्या उठल्या आणि स्वतःच्या बोटातलं अंगुस्तान काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. कुणीच हसलं नाही. त्यांनी ते उचललं, डाव्या हाताच्या त्या बोटात घातलं, आणि नीट बसलं का ते डोळ्यांनी पाहून घेतलं.