न मोजलेला हात

"मावशी, हात खाली घ्या. तुम्हांला कुणी विचारलंय?"

साहेब हसत म्हणाले. मग सगळे पाहुणे हसले. माझा हात वर होता. बोटांना पीठ होतं.

शुक्रवार. सुट्टीची दुपार. कुवेतमधल्या सलवा भागातला फ्लॅट. साहेब पुण्याचे, बँकेत आहेत. त्यांच्याकडे मी नऊ वर्षं स्वयंपाकाला. टीव्हीवर कुठल्याशा मोठ्या देशाची संसद चालली होती. समुद्रापलीकडच्या लढाईत फौज पाठवायची का, यावर मतं घेत होते. साहेबांना खेळ सुचला.

"चला, आपणही मतदान घेऊ. पाठवा म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

सगळे हात वर. एक पाहुणे म्हणाले, "पाठवायलाच पाहिजे. मग पगार कशाचा घेतात?"

"नको म्हणणारं आहे का कुणी?"

मी चपात्यांचा डबा ठेवायला आले होते. डबा ठेवला. हात वर केला.

माझा नवरा फौजेत होता. आमच्या साताऱ्याकडच्या गावात घरटी एक तरी फौजी. त्याची ट्रंक बायकोनं भरायची, ही रीत. हुकूम आला तेव्हा कळलं ते एवढंच, लांब जायचंय. लांब म्हणजे सरहद्द, सरहद्द म्हणजे बर्फ. चौथी शिकलेल्या बाईची अक्कल. मी हिरवा स्वेटर विणला आणि ट्रंकेत सगळ्यात वर ठेवला.

त्याला धाडलं समुद्रापलीकडच्या एका बेटावर. तिथं घामानं अंग सडायचं म्हणे. कुठला देश, हे मला तो मेल्यावर कळलं. सरपंचानं शाळेतल्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं. ट्रंक परत आली. स्वेटरची घडी मी घातलेली, तशीच. मोडलेलीसुद्धा नाही.

ती घडी अजून डोळ्यांसमोर येते. भर दुपारी येते. कणीक मळताना येते.

त्याला पाठवताना कुणी कुठं हात वर केले होते का, मला माहीत नाही. ट्रंक परत आली तेव्हा मला फक्त सही कुठं करायची ते दाखवलं.

इथल्या एसीत मी तोच स्वेटर घालते. वहिनी, म्हणजे साहेबांची बायको, म्हणायच्या, "पाहुणे आले की काढत जा मावशी, वॉचमनसारख्या दिसता." नऊ वर्षं काढत आले. त्या दिवशी विसरले. बाही त्याच्या मापाची, लांब आहे, बोटांवर येते. वर गेलेला हात मला माझा वाटेना.

"आजी, यू कान्ट व्होट!" साहेबांची मुलगी ओरडली.

"मावशी, पोळ्या गार होतायत," वहिनी म्हणाल्या.

मी म्हणाले, "साहेब, मोजा."

"काय?"

"नको म्हणणारा एक. मोजा, मग वाढते."

"अहो, खेळ आहे हा!"

"माझ्या घरी ट्रंक आली होती."

कुणी मोजलं नाही. साहेबांनी टीव्ही बंद केला. मी डबा उचलून आत नेला.

पाहुणे गेल्यावर साहेब ओट्याशी आले. "सगळ्यांसमोर माझी शोभा केलीत. माफी मागा, नाहीतर परतीचं तिकीट काढतो."

"काढा."

तिकीट आलं आहे. स्वेटर अंगात आहे, आता तो कुणासाठी उतरणार नाही. गावात बायका अजून ट्रंका भरतात. मी दारोदार जाणार. सांगणार, आधी विचारा. कुठं नेताय? कुणी ठरवलं? आमचा हात कुठं मोजला? उत्तर येईपर्यंत ट्रंकेत एक कपडा ठेवायचा नाही.